तीन नंबरच्या तळ्याच्या पायऱ्या

...दार अजून बंदच होतं. काचेच्या बशीत, बोटभर पाण्यात, अर्ध्या तांदळाएवढी ती गोगलगाय कुशीवर पडली होती आणि तिनं शंखाचं दार आतून घट्ट ओढून घेतलं होतं. मेली, असं कोणीही म्हणालं असतं. पण तो म्हणायला तयार नव्हता. वीस मिनिटं तो भिंगातून तिच्यावर डोळा ठेवून होता, मान अवघडली होती, चहा निवला होता, आणि त्याची पक्की खात्री होती की ही बया सोंग करतेय — आपण उठून गेलो की दार किलकिलं करून बाहेर डोकावणार. करू दे. त्याला घाई नव्हती. म्हणजे घाई होती, चारला बैठक होती. पण अशा जिवांसमोर घाई दाखवायची नसते.

मत्स्यखात्यात सगळे तिला तीळ म्हणत, कारण तिची पिल्लं तिळाहून मोठी नसत आणि तिचं खरं नाव कोणाच्याच जिभेवर बसत नव्हतं. ती इथली नव्हती. बारा वर्षांपूर्वी कुठल्याशा होडीच्या बुडाला चिकटून ती मोठ्या जलाशयात आली, आणि आता तिथला मूठभर गाळ उचलला तर त्यात गाळ कमी आणि तीळ जास्त. या जातीत जवळजवळ सगळ्या माद्याच. नराचं काही अडत नाही, एकटी पुरते. माशानं गिळली तर त्याच्या पोटातून जिवंत बाहेर पडते. ओल्या चिखलात दिवसचे दिवस दार लावून बसते... आणि दगडांवरचं हिरवं, ज्यावर पाण्यातल्या सगळ्या बारीक जिवांचं चालतं, ते चाटूनपुसून साफ करते. त्याचं काम हेच होतं, असा पाहुणा कुठल्या पाण्यात शिरला किंवा शिरू पाहत असला, की तो किती नासधूस करील आणि कुठल्या वाटेनं आला, ते सांगायचं. त्यासाठी एकोणपन्नास प्रश्नांचा तक्ता होता. प्रत्येक प्रश्नापुढे तीन रकाने : उत्तर, आधार, खात्री. खात्री कमी, मध्यम, जास्त किंवा फार जास्त. सव्वीस वर्षांत त्यानं ‘फार जास्त’ हे शब्द किती वेळा लिहिले, ते एका हाताच्या बोटांवर मोजता आलं असतं, आणि याचा त्याला अभिमान होता.

खात्याच्या ड्रायव्हरनं त्याचं नाव चाळणी ठेवलं होतं. ते त्याला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. चाळणीतून काही सुटत नाही. घरी बायको मात्र या गुणावर खूश नव्हती. बाहेर निघाले की तो दुसऱ्या मजल्यावरून परत वर जायचा, कुलूप ओढून बघायचा, खाली यायचा, आणि कधी कधी पुन्हा जायचा. ती खाली फाटकापाशी उभी राहून मोठ्यानं आकडे मोजायची. दूध दोनदा हुंगल्याशिवाय तो चहात घालत नसे. मुलीनं लग्नाचं बोलणं काढलं तेव्हा त्यानं जावयाबद्दल इतके प्रश्न विचारले की शेवटी मुलगीच म्हणाली, बाबा, तुमचा तक्ता आणा, एकदाच भरून टाकू. सगळे हसले होते. तो हसला नव्हता, कारण प्रश्न चांगले होते.

आणि आता ही मालकीण. शहराबाहेर तिची सात तळी होती. नवरा गेल्यापासून ती एकटीच ती चालवत होती, बोटुकली वाढवून विकायची — बोटाएवढी माशांची पिल्लं, जी नेऊन लोक आपापल्या तळ्यांत सोडतात. अकरा दिवसांपूर्वी तिचाच फोन आला : साहेब, तीन नंबरच्या तळ्यात काहीतरी बारीक दिसतंय, येऊन बघा. तो गेला, बघितलं, तीळच होती. त्या दिवसापासून तिची विक्री बंद. सगळं आता तक्त्यातल्या एकतिसाव्या प्रश्नावर अडलं होतं : जीव कोणत्या मार्गाने आला? मालकिणीच्या निष्काळजीनं आला, म्हणजे तिनं न तपासलेलं मत्स्यबीज किंवा पाणवनस्पती बाहेरून आणली, असं ठरलं तर परवाना रद्द, सातही तळी उपसून चुना टाकायचा, आणि बाईंनी दुसरा धंदा बघायचा. तिच्या हातात नसलेल्या वाटेनं आला असं ठरलं, तर तळी खातं स्वच्छ करणार आणि पुढच्या हंगामात ती पुन्हा उभी राहू शकणार. दोन मूल्यमापक एकमेकांशी न बोलता आपापला तक्ता भरतात. दुपारी चारला मोठे साहेब दोन्ही तक्ते समोर ठेवतात. जिथं उत्तरं वेगळी तिथंच चर्चा. जिथं सारखी तिथं साहेब नुसती सही करतात.

त्यानं सकाळीच एकतिसाव्यापुढे पेन्सिलनं लिहून टाकलं होतं : मालकीण. खात्री : जास्त. पेन्सिलनं, कारण आज एकदा शेवटची पाहणी बाकी होती. पण मनात पाल चुकचुकली होती ती पहिल्या फोनलाच. आपणहून फोन कोण करतं? ज्याला पुढे म्हणता यावं की बघा, मीच कळवलं होतं, तो. अशी माणसं त्यानं पाहिली होती. समोरून येतात, हसून बोलतात, पाणी विचारतात... त्यानं बशीवर जाळीचं झाकण ठेवलं. गोगलगायीचं दार बंदच होतं.

गाडीत तो खिडकीवालीचा विचार करत होता. दुसरी मूल्यमापक — तिचं टेबल खिडकीपाशी म्हणून तो तिला मनातल्या मनात खिडकीवाली म्हणायचा — हुशार होती, मुलीच्या वयाची, त्यानंच तिला हे काम शिकवलं होतं. परवा ती फोनवर हळू आवाजात बोलत होती आणि तो आत येताच तिनं फोन ठेवला. कोणाशी बोलत होती? मालकिणीशी? बायकाबायकांचं जुळतं लवकर. तिनं जर ‘पक्ष्यांच्या पायांतून’ असं काही मोघम लिहिलं असेल तर आज चर्चा होणार, आणि त्याला तिचे आधार एकेक करून मोडावे लागणार. त्यानं तशी तयारीही केली होती. शिकवलंय आपण, म्हणून काय सोडायचं?

तळ्यांवर मालकीण फाटकाशीच उभी होती. साधी, उन्हानं रापलेली, पदर खोचलेला, पायांत काही नाही. तिनं चहा विचारला, त्यानं नेहमीप्रमाणे नको म्हटलं. पाहणीला आलेल्यानं कोणाचं काही घ्यायचं नाही, हा त्याचा स्वतःचा नियम होता. तो लोखंडी चौकट घेऊन कामाला लागला. वीतभर लांब-रुंद चौकट पाण्यात तळाशी ठेवायची, तिच्यात येतील तेवढ्या गोगलगायी मोजायच्या. गेले अकरा दिवस तो जागा बदलून बदलून मोजत होता आणि आज आकडे पुरे होत होते. दोन तळ्यांत काहीच नाही. चार तळ्यांत तुरळक. तीन नंबरमध्ये बांधाच्या कडेला सहा, मध्ये चाळीस, आणि त्या दूरच्या कोपऱ्यात, सिमेंटच्या पायऱ्यांपाशी... तीनशे एकेचाळीस. त्यानं दुसऱ्यांदा मोजलं. तीनशे अडतीस. म्हणजे सुरुवात इथं झाली. इथून ती पसरली.

आता तिनं बाहेरून मत्स्यबीज आणून त्याच्या कॅनमधलं पाणी तळ्यात ओतलं असेल, तर ती ते इतक्या लांबच्या कोपऱ्यात येऊन का ओतील? हा प्रश्न त्याला पडला, आणि लगेच उत्तरही मिळालं : घरातून हा कोपरा दिसत नाही म्हणून. छान बसलं. संशय एकदा मुक्कामाला आला की त्याला कारणांची वानवा पडत नाही, आणि त्याच्याकडे तर तो कायमचाच राहायला होता. त्यानं वहीत टिपलं : उगम — आडबाजूचा कोपरा, घरातून न दिसणारा. लिहिताना त्याला बरं वाटलं. उन्हात कंबर दुखत असतानाही बरं वाटलं, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं ते बाजूला सारलं.

मालकीण बांधावरून त्याच्या मागे मागे आली होती. ती गेले दहा दिवस झोपली नसावी. तिनं कोणाचंच नाव घ्यायचं सोडलं नाही — खाद्य पुरवणारा, शेजारचा तळेवाला, दुरून येणारे बगळे, स्वतःचा चुलतदीरसुद्धा. सगळ्यांवर तिचा वहीम होता. तो ऐकत होता आणि मनात म्हणत होता, चोराच्या तोंडी फार नावं असतात. मग ती थांबली.

“साहेब, मी बाहेरून काही आणलं असतं तर तुम्हाला पहिला फोन मी कशाला केला असता?”

त्यानं वर न बघता म्हटलं, “असं बरेच जण म्हणतात, बाई.”

मग तिनं पायऱ्यांकडे बघत, तक्रार नव्हे, नुसतं बोलायचं म्हणून, सांगितलं की इथं शेवाळ फार धरतं, जपून उतरा. “आमचं कोणी इथून उतरतच नाही. आमचे पाय बांधावरचे. या पायऱ्या तुमच्या खात्यानंच बांधून घ्यायला लावल्या ना, पाहणीला येणाऱ्यांसाठी... तुम्हीच उतरता इथून.”

तुम्हीच उतरता इथून. तिनं ‘तुम्ही’ म्हटलं ते खात्याला उद्देशून, हे त्याला कळलं. नक्की कळलं? त्यानं तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं — काही लपवलंय का, काही सुचवतेय का — पण तिथं दहा दिवसांच्या जाग्रणाखेरीज काही नव्हतं. तो खाली पाहू लागला. शेवटच्या पायरीवर पाण्यात त्याचे बूट होते, गुडघ्यापर्यंतचे, निळ्या पट्टीचे. निळ्या पट्टीचे बूट स्वच्छ पाण्यासाठी. लाल पट्टीचे, जिथं तीळ आधीच आहे त्या जलाशयासाठी. लाल बूट स्वच्छ पाण्यात कधी नाहीत. कुठलेही बूट एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाण्याआधी पाच दिवस कडक वाळवायचे. हा नियम त्यानंच लिहिला होता. आणि हे निळे बूट नवे होते, कारण जुन्या निळ्यांना... टाचेपाशी... भोक पडलं होतं.

कधी?

गेल्या वर्षी, याच सुमाराला, पाहणीला तोच आला होता, या पायऱ्या उतरून. त्याच दिवशी सकाळी तो जलाशयावर होता. नाही, आदल्या आठवड्यात होता. नाही... त्याच दिवशी, कारण दुसऱ्या दिवशी ताईच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. आई गेल्यावर ज्या बहिणीनं त्याला वाढवलं तिला सकाळी सहाला इस्पितळात न्यायचं होतं, पुढे चार दिवसांची रजा टाकली होती, आणि या तळ्यांची पाहणी तीनदा पुढे ढकलली गेली होती. उरकून टाकू, असं तो म्हणाला होता. कोणाला म्हणाला? ड्रायव्हरला. रस्त्याकडेच्या एका नळाशी गाडी थांबवली, बूट धुवायला घेतले, आणि तेवढ्यात ताईचा फोन... ती विचारत होती, जुने चष्मे बरोबर घेऊ का रे, डॉक्टर मागतील का? दोन्ही घेऊ की एकच? हे त्याला लख्ख आठवत होतं. तिचा घाबरलेला आवाज, आपण तिला म्हटलेलं — ताई, दोन्ही घे, काही बिघडत नाही. पाण्याची धार आठवत होती. पण बुटाच्या तळव्यावरच्या खाचांतून ब्रश फिरवला का... आणि ते बूट कुठल्या पट्टीचे होते...

निळे. मी निळेच घातले होते. मी लाल बूट इथं घालीन? मी? दूध दोनदा हुंगणारा मी?

पण निळ्यांना भोक होतं. भोक पडलेले बूट घालून कोणी पाण्यात उतरत नाही. आणि उतरलो असलोच, तर पाय ओला झाल्याचं आठवायला हवं होतं. त्यानं पायात शोधलं, त्या दिवशीचा ओला मोजा, त्याची चिकट थंडी — आणि काही सापडेना. पाय कोरडाच होता, म्हणजे बूट लाल. निदान आता वाटत होतं की कोरडा होता. की हेही मन आत्ता बनवून देतंय, दोन मिनिटांपूर्वी बाई एक वाक्य बोलल्या म्हणून? आठवणीचं काय सांगावं. तिला जे विचारावं त्याला ती मान डोलावते. मालकीण विचारत होती, साहेब, बरं नाही का वाटत, बसता का जरा. तो म्हणाला, ऊन आहे. आणि मग, स्वतःलाही न समजता, तो तिच्या हातचं पेलाभर पाणी प्यायला.

परतताना तो मागच्या सीटवर बूट पायांशी ठेवून बसला. ड्रायव्हर अकरा वर्षं त्याच्याबरोबर होता. साहेबांच्या सगळ्या सवयी त्याला पाठ होत्या. शेवटी मागून त्यानं जमेल तितक्या सहज विचारलं, “गेल्या वर्षी इथं आलो होतो तेव्हा मी कुठले बूट घातले होते रे?”

“निळे, साहेब.” क्षणाचाही विलंब नाही. “इथं निळेच घालता ना तुम्ही.”

“निळे फाटले होते ना?”

ड्रायव्हरनं गिअर बदलला. “ते नंतर फाटले.”

इतक्या झटकन? वर्षापूर्वीचे बूट, आणि हा माणूस परवा जेवायला काय होतं ते विसरतो. त्याला आठवतंय, की तो साहेबांना सांभाळून घेतोय? सांभाळून घेतोय म्हणजे सांभाळण्यासारखं काही आहे. की खरंच निळे होते आणि आपणच विनाकारण... त्यानं आरशातून ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हर रस्त्याकडे पाहत होता, तसा तो नेहमीच पाहायचा. खोटं बोलणाऱ्यांना तो एका नजरेत ओळखतो, असा त्याचा लौकिक होता, आणि आज त्याला खऱ्या माणसाचा चेहरा कसा असतो तेच आठवेना. आपण या अकरा वर्षांच्या माणसावर संशय घेतोय, तेही तो आपल्या बाजूनं बोलला म्हणून, याची त्याला लाज वाटली. पण संशय गेला नाही.

आणि पाहणीपत्रक? पाहणीपत्रकावर छापील चौकोनच होता : बूट व जाळी पाच दिवस सुकवली — हो / नाही. ते बघितलं की झालं, असं मनात येऊन त्याला घटकाभर हायसं वाटलं, आणि मग त्यावरच्या खुणा आठवल्या. पत्रकांचा नवा गठ्ठा महिन्याच्या पहिल्या तारखेला येई, आणि तो आला की सगळे आपापल्या टेबलाशी बसून, चहा पीत, गठ्ठ्यातल्या प्रत्येक कागदावर त्या एका चौकोनात आधीच ‘हो’ची खूण करून ठेवत. पाण्यात उतरल्यावर ओल्या हातांनी पेन कोण काढणार! तोही करायचा. खिडकीवालीलाही त्यानंच तसं सांगितलं होतं, पहिल्याच आठवड्यात, कामाची युक्ती म्हणून.

कचेरीत पोचला तेव्हा चारला दहा कमी होते. तक्ता तसाच पडला होता. त्यानं खोडरबर घेतलं, एकतिसाव्या ओळीवर नेलं आणि थांबला. काय लिहायचं? ‘मार्ग : पाहणी करणाऱ्याचे बूट. आधार : मूल्यमापकाला मोजा ओला झाल्याचं आठवत नाही.’ हसतील. आधाराशिवाय उत्तर लिहायचं नाही, हे त्यानंच दहा जणांना शिकवलं. मालकिणीविरुद्ध तरी काय आधार होता? एक कॅन, जो कोणी पाहिला नाही. एक कोपरा, जो घरातून दिसत नाही. एक फोन, जो तिनं केला. एवढ्यावर सकाळी ‘जास्त’ लिहिताना हात अडखळला नव्हता. उलट, त्याला आता स्पष्ट दिसलं, अकरा दिवस प्रत्येक नवा आकडा तिच्या गळ्यात बसला की आपल्याला बरं वाटत होतं. का बरं वाटत होतं? तेव्हा तर बूट आठवलेही नव्हते. की आठवले होते, आत कुठेतरी, आणि आपणच... बाहेर साहेबांचा शिपाई हाक मारत होता. पेन्सिलीची ओळ पुसायची राहून गेली.

मोठे साहेब घाईत होते. पाचला त्यांची आणखी एक बैठक होती. त्यांनी खिडकीवालीला वाचायला सांगितलं. ती एकेक प्रश्न वाचत गेली, स्पष्ट, न अडखळता, आणि तीस प्रश्नांपर्यंत दोघांची उत्तरं शब्दाला शब्द जुळत गेली. जुळणारच, शिकवणारा हात त्याचाच होता. एकतिसावा आला तेव्हा तो तयार होता — ती ‘पक्षी’ म्हणेल, तो हरकत घेईल, चर्चा होईल, आणि चर्चेत कुठेतरी, कोणीतरी, काहीतरी विचारील. त्याला कळलं की आपण त्या चर्चेची वाट पाहतोय. तहानल्यासारखी वाट पाहतोय.

“एकतीस,” ती म्हणाली. “मार्ग : मालकिणीची निष्काळजी. गेल्या वर्षीच्या पाहणीत सातही तळी स्वच्छ होती, म्हणजे जीव त्यानंतर आला, आणि तेव्हापासून पाण्यात फक्त मालकिणीचीच माणसं उतरली आहेत. पाहणीच्या बुटांतून येण्याची शक्यता मी तपासली, ती बाद केली. पत्रकावर ‘पाच दिवस सुकवली : हो’ आहे.” तिनं कागद खाली ठेवला आणि त्याच्याकडे पाहून, शिकवणाऱ्याकडे पाहावं तशी, किंचित हसली. “पाहणी सरांची होती. म्हणून खात्री : फार जास्त.”

म्हणजे त्याच्या सहीवर बाई बुडत होती. त्यानं स्वच्छ म्हटलं म्हणून तळी स्वच्छ, त्यानं हो म्हटलं म्हणून बूट कोरडे. आणि मग उरली कोण, तर ती, अनवाणी, बांधावर. साहेबांनी पेनचं टोपण काढलं. त्याचा तक्ता पुढ्यात असूनही त्यांनी त्यात पाहिलं नाही, नुसतं विचारलं, “तुमचंही तेच आहे ना?” आणि त्यात प्रश्न असा नव्हताच.

तो दोघांच्या तोंडाकडे पाहू लागला. साहेबांच्या कपाळावर आठी शोधली, खिडकीवालीच्या डोळ्यांत ती बारीक चमक शोधली जी समोरच्याच्या बोलण्यात फट सापडली की येते, जी ओळखायला त्यानंच तिला शिकवलं होतं. विचारा. कोणीतरी विचारा, सर, त्या दिवशी सकाळी तुम्ही कुठं होता? सर, बूट कुठले? सव्वीस वर्षं त्यानं या खोलीत माणसं सोलून काढली होती, आणि आज कोणी त्याच्यावर साधा डोळासुद्धा बारीक करत नव्हतं. ती मुलगी निर्धास्त बसली होती. साहेबांचं पेन कागदापासून दोन बोटांवर थांबलं होतं. त्याला त्या दोघांचा राग आला, इतका कधी कोणाचा आला नव्हता... आणि त्या रागाखालून हळूहळू दुसरंच काही वर येत गेलं : त्यानं आता ‘हो’ म्हटलं तरी ते खरं धरलं जाणार होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला याची भीती वाटली.